रोपाबरोबर वर्षही द्या: मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू आणि महापालिका आयुक्त यांना खुले पत्र

प्रति,
मा. कुलगुरू, मुंबई विद्यापीठ
मा. आयुक्त, बृहन्मुंबई महानगरपालिका
(प्रत माहितीसाठी: कांदळवन कक्ष, महाराष्ट्र वन विभाग)

महोदय,

सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

मे महिना सरत आला की मुंबईतल्या शाळा-महाविद्यालयांत एकच लगबग सुरू होते. ५ जूनच्या पर्यावरण दिनासाठी पाहुणे ठरतात, फलक छापायला जातात, रोपवाटिकेतून रोपे मागवली जातात आणि राष्ट्रीय सेवा योजनेच्या स्वयंसेवकांना टी-शर्ट घालून सकाळी आठच्या ठोक्याला हजर राहण्याची सूचना मिळते. यंदाची लगबग सुरू होण्याआधी आपणा दोघांपुढे काही गोष्टी मांडाव्यात म्हणून हे पत्र लिहीत आहे. मी उपनगरातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवत असे, सेवा योजनेचे कामही माझ्याकडे होते, आणि निवृत्तीनंतर आजही मुलांना घेऊन मुलुंडच्या डोंगरउतारावर व ठाण्याच्या खाडीकाठी जात असतो. पत्र उघडपणे लिहिण्याचे कारण असे की, जे मागायचे आहे ते कोणा एका कार्यालयाच्या हातातले नाही. श्रेयांक (क्रेडिट) विद्यापीठाकडे आहेत, पैसा आणि बऱ्याच जागा महापालिकेकडे आहेत, जंगल व कांदळवन वन विभागाकडे आहे, आणि ज्यांच्यासाठी हे सारे मागायचे ती अठरा-वीस वर्षांची मुले यांपैकी कोणाच्याच खात्यात पुरती बसत नाहीत.

मागणी अशी आहे: मुंबईतल्या तरुणांना निसर्गसंवर्धनाचे काम एका दिवसापुरते देऊ नका, वर्षभरासाठी द्या. एका गटाला एकच जागा द्या, ते काम हाताने शिकवणारा जाणता माणूस द्या, आणि ज्याला रविवारी कमावल्याशिवाय चालत नाही त्याला मानधन द्या. याखेरीज जे काही चालले आहे त्याला मी विरोध करत नाही. पण त्याला पर्यावरण शिक्षण म्हणू नये, असे मला वाटते.

वृक्षारोपणाचा दिवसच घ्या. हवामान खात्याच्या सरासरीप्रमाणे मोसमी पाऊस मुंबईत ११ जूनच्या सुमारास पोहोचतो, आणि आपण रोपे लावतो ५ जूनला, तापून दगड झालेल्या जमिनीत. खड्डे आदल्या दिवशी मजुरांनी खणून ठेवलेले असतात. विद्यार्थी रोप उचलतो, खड्ड्यात ठेवतो, छायाचित्र निघते आणि माती लोटली जाते. पुष्कळदा मुळांभोवतीची काळी पिशवी तशीच राहते, कारण ती आधी फाडायची असते हे त्या मुलाला कोणी सांगितलेलेच नसते. पिशवीत वेटोळी झालेली मुळे बाहेरच्या मातीत शिरू शकत नाहीत, पाऊस आहे तोवर रोप हिरवे दिसते आणि ऑक्टोबरच्या उन्हात वाळून जाते. तोपर्यंत छायाचित्रांसह अहवाल केव्हाच पोहोचलेला असतो. राज्य पातळीवर हेच मोठ्या आकड्यांनी घडले. वृक्षलागवडीचे संकल्प २०१६ साली २ कोटी, २०१७ साली ४ कोटी, २०१८ साली १३ कोटी आणि २०१९ साली ३३ कोटी असे चढत गेले, आणि त्यांतली किती झाडे जगली यावरून पुढे विधिमंडळात वाद झाला. संकल्प लावण्याचा होता. जगवण्याचे काम कोणाच्या नावावर चढवलेले नव्हते.

दिवसभराच्या आणि वर्षभराच्या कामात नेमका काय फरक पडतो, हे सांगण्यासाठी एका कामाविषयी जरा विस्ताराने लिहितो. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या कडांना, आरेत, मुलुंड-भांडुपच्या उतारांवर घाणेरी माजली आहे. ही मूळची अमेरिका खंडाच्या उष्ण भागातली, इंग्रजी अमदानीत शोभेसाठी आणलेली वनस्पती आहे. तिच्या रंगीत फुलांवर फुलपाखरे येतात, त्यामुळे ती काढायची का, असा प्रश्न दर वर्षी कोणीतरी विचारतोच, आणि तो विचारला जावा अशी माझी इच्छा असते. तिच्या गचपणाखाली गवत धरत नाही, ऐन-कळंबाची रोपे वर येत नाहीत, हे उत्तर त्याला वर्गात न देता तिथे वाकून झुडपाखाली पाहायला लावावे. उत्साही गट कोयते घेऊन येतात आणि घाणेरी जमिनीलगत छाटून टाकतात. ढीग मोठा होतो, छायाचित्रही चांगले येते. पण छाटलेल्या बुडख्याला पहिल्या पावसात धुमारे फुटतात आणि पुढल्या वर्षी तेच झुडूप आधीपेक्षा दाट होऊन उभे राहते.

तिला काढण्याची रीत वेगळी आहे. खोड संपून मूळ सुरू होते त्या जागेच्या खाली, म्हणजे जमिनीत तीन-चार बोटे खोल, कुदळीने मूळ तोडावे लागते. मग अख्खे झुडूप उपटून मुळे आभाळाकडे करून उलटे ठेवायचे, म्हणजे ते पुन्हा माती धरत नाही. फळे पिकण्याआधी हे उरकायचे, कारण ती काळी फळे बुलबुल खातात आणि बी डोंगरभर नेऊन टाकतात. एवढे करूनही मातीत पडून राहिलेले बी पुढच्या पावसाळ्यात उगवतेच. ती कोवळी रोपे हाताने उपटायची, त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा उपटायची आणि मोकळ्या झालेल्या जागेत इथल्याच गवताचे बी टाकायचे; नाहीतर घाणेरीच्या जागी रानमोडी हे दुसरे परकीय तण येते आणि केलेले सगळे पाण्यात जाते. हे चक्र ज्याने एकदा पुरे पाहिले, त्याला परकीय वनस्पतींच्या आक्रमणावर निबंध लिहायला सांगावे लागत नाही. उलट तोच आपल्याला विचारू लागतो की, रस्त्याच्या दुभाजकांवर आणि नव्या संकुलांत आपण जी झाडे लावतो आहोत ती कुठून आलेली आहेत. एका दिवसासाठी आलेल्या मुलाला यातले काहीच दिसत नाही. त्याला दिसतो तो फक्त ढीग.

खाडीचे काम याहून नाजूक आहे. कागदावर आपल्या खाडीला संरक्षण चांगले आहे. कांदळवन तोडायला मुंबई उच्च न्यायालयाने २००५ साली बंदी घातली, २०१२ साली वन विभागाचा स्वतंत्र कांदळवन कक्ष उभा राहिला, २०१५ साली ठाणे खाडीचा काही भाग रोहित पक्ष्यांचे अभयारण्य झाला, २०२० साली पांढरी चिप्पी हा राज्याचा कांदळवृक्ष ठरला आणि २०२२ साली ठाणे खाडीला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा, दर्जा मिळाला. एवढ्या संरक्षणानंतरही भरतीबरोबर येणारा कचरा यायचा तो येतोच, आणि रात्री ट्रकने येणारा राडारोडाही येतो. तिवराची श्वसनमुळे चिखलातून पेन्सिलींसारखी सरळ वर आलेली असतात. त्यांना दुधाच्या पिशव्यांचे कोपरे, शाम्पूच्या पुड्यांच्या माळा, नायलॉनच्या जाळ्यांचे तुकडे गुंडाळले जातात आणि त्यांवर गाळ बसतो. हे एकेक करून, मूळ न मोडता सोडवायचे असते. शे-दीडशे माणसे बूट घालून एकदम चिखलात उतरली की कचरा निघतो खरा, पण त्याबरोबर मुळे मोडतात, वर्षा-दोन वर्षांची रोपे तुडवली जातात, निवट्यांची आणि खेकड्यांची बिळे बुजतात. म्हणून दहा-बारा जणांचा गट, ठरलेली एकच वाट आणि ओहोटीची वेळ, ही शिस्त पाळावी लागते. भांगाला (भरती कमी चढते त्या दिवसांत) पाणी किती चढेल, उधाणाच्या दिवशी कोणत्या वाटेने आणि किती वाजायच्या आत परत फिरायचे, हे कोळीवाड्यातली बाई तिथी ऐकून सांगते, तर आमच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना त्यासाठी मोबाइल उघडावा लागतो.

इथे आणखी एक गोष्ट नोंदवावीशी वाटते, कारण ती सहसा कोणी बोलत नाही. कांदळवन लावणे हे नेहमीच पुण्याचे काम असते असे नाही. रोहित, तुतवार आणि हिवाळ्यात येणारे कितीतरी पक्षी ओहोटीला उघड्या पडणाऱ्या चिखलपट्ट्यांवर पोट भरतात. त्या पट्ट्यांवर हौसेने कांदळाच्या शेंगा रोवल्या तर पक्ष्यांची चरायची जागा जाते. कुठे लावायचे याइतकेच कुठे लावायचे नाही हेही ठरवावे लागते, आणि ते ठरवण्यासाठी त्याच पट्ट्यावर पावसाळा, हिवाळा, उन्हाळा असे तिन्ही ऋतू उभे राहून पाहिलेले असावे लागते. ज्या गटाकडे जागा वर्षभर असेल त्यालाच हे जमेल.

हे सगळे शिकवणार कोण, असा प्रश्न आपण विचाराल. माझे उत्तर सोपे आहे: आज ज्यांना आपण शिक्षक मानत नाही ते. राष्ट्रीय उद्यानाच्या आतल्या पाड्यांवर आणि आरेत वारली, कोकणा, मल्हार कोळी, कातकरी कुटुंबे राहतात. त्यांतल्या जाणत्या माणसांना सालीवरून, वासावरून झाड ओळखता येते. किनाऱ्याला कोळीवाडे आहेत. वन विभागात जन्म काढलेले वनरक्षक आणि महापालिकेच्या उद्यान खात्यातून निवृत्त झालेले माळी या शहरातच आहेत. यांना एखाद्या कार्यक्रमात शाल-श्रीफळ देऊन मोकळे होऊ नये. तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या प्राध्यापकाला जे मानधन मिळते, त्याच दराने, त्याच नोंदवहीत सही करून, यांना मानधन मिळावे. पदवी नाही या कारणाने लेखा विभागाने त्यांचे देयक अडवू नये, एवढी तरतूद कुलगुरू महोदयांच्या एका आदेशाने होऊ शकते. (लेखा विभागाचा उल्लेख मी मुद्दाम केला आहे. चांगल्या योजना कुठे अडतात हे सरकारी-निमसरकारी नोकरी केलेल्या कोणालाही विचारावे.)

आता शिक्षणाच्या बाजूविषयी. पर्यावरण हा विषय शिक्षणात सक्तीचा असावा असा निर्देश सर्वोच्च न्यायालयाने एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर १९९१ साली दिला आणि २००३ साली त्याच्या अंमलबजावणीचा पुन्हा पाठपुरावा केला. आपल्याकडे तिसरी ते पाचवीला परिसर अभ्यास आहे, अकरावी-बारावीला पर्यावरण शिक्षण व जलसुरक्षा आहे, पदवीला पर्यावरण अभ्यास आहे. विषयांची कमतरता मुळीच नाही. पण अकरावीच्या प्रकल्प वहीत काय असते ते कोणत्याही पालकाला ठाऊक आहे. स्टेशनबाहेरच्या दुकानातून आणलेला जागतिक तापमानवाढीचा छापील तक्ता, मागच्या वर्षीच्या मुलाच्या वहीतून उतरवलेली प्रस्तावना आणि शेवटी मोठ्या अक्षरांत एखादे घोषवाक्य. ज्या मुलाच्या इमारतीमागून पोईसर किंवा दहिसर नदी वाहते, त्याच्या वहीत गंगा असते. आपल्या मागचा तो नाला मुळात नदी आहे, हे त्याला वही पुरी होईपर्यंत कळलेले नसते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मिठी नदी घराघरांत शिरली, ही गोष्ट आजच्या विद्यार्थ्यांच्या जन्माआधीची किंवा पाळण्यातली आहे. त्यांना ती कोणी सांगायची, तर त्या रात्री कुर्ल्याला गच्चीवर अडकलेल्या माणसाने सांगायची, आणि नदीच्या काठाने चालत सांगायची.

तरुण मुले दुसऱ्यांना शिकवू शकतात का, याविषयी ज्यांना शंका असेल त्यांनी मुंबईच्या बिबट्यांचा इतिहास आठवावा. २००४ च्या सुमारास राष्ट्रीय उद्यानाभोवती हल्ले वाढले, माणसे दगावली, आणि पिंजरे लावा, पकडून दूर सोडा अशी ओरड सुरू झाली. पकडलेला बिबट्या दुसरीकडे सोडल्याने संघर्ष मिटत नाही, उलट वाढू शकतो, आणि वस्तीलगतचा उघडा कचरा, त्यावर पोसलेली भटकी कुत्री व त्यांच्यामागे येणारा बिबट्या अशी ही साखळी आहे, हे अभ्यासकांच्या कामातून पुढे आले. पण अभ्यास अहवालात पडून राहिला असता तर उपयोग नव्हता. २०११ पासून वन विभागाने नागरिकांना सोबत घेऊन ‘मुंबईकर्स फॉर एसजीएनपी’ (एसजीएनपी म्हणजे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान) हा उपक्रम चालवला, आणि पाडे, सोसायट्या, शाळा यांपासून पत्रकारांपर्यंत तोच मुद्दा पुन्हा पुन्हा पोहोचवला गेला: कचरा उचला, रात्री मुलांना एकटे बाहेर सोडू नका, बिबट्या दिसला म्हणजे तो हल्लाच करणार असे समजू नका. २०१५ साली स्वयंचलित कॅमेऱ्यांनी केलेल्या मोजणीत या परिसरात ३५ बिबटे आढळले. एवढ्या दाट वस्तीच्या शहराला खेटून ते राहतात, आणि बातमी आल्याबरोबर पिंजऱ्याची मागणी करणारा आवाज पूर्वीइतका चढा राहिलेला नाही. माझ्या मते हे मुंबईतल्या पर्यावरण शिक्षणाचे सर्वांत यशस्वी उदाहरण आहे, आणि त्यात गुण कोणाला किती, हा प्रश्न कधी आला नाही.

सातत्याने काय साधते याचे दाखलेही याच शहरात आहेत. वर्सोव्याच्या किनाऱ्यावर अफरोज शाह यांनी ऑक्टोबर २०१५ मध्ये कचरा उचलायला सुरुवात केली ती एका शेजाऱ्याला सोबत घेऊन. मग आठवड्यामागून आठवडे लोक जोडले गेले, २०१६ साली त्यांना संयुक्त राष्ट्रांचा पर्यावरण पुरस्कार मिळाला आणि मार्च २०१८ मध्ये त्या वाळूत ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्ले दिसली. माहीम-धारावीजवळचे महाराष्ट्र निसर्ग उद्यान तर मुळात शहराचे कचरा टाकायचे मैदान होते. मिठीच्या काठच्या त्या ३७ एकरांवर आज दाट झाडी आहे; १९९४ साली ते लोकांसाठी खुले झाले तेव्हा त्यामागे कितीतरी वर्षांची लागवड आणि निगराणी होती.

मानधनाविषयी जरा खोलात जाऊन लिहितो, कारण इथेच बहुतेकांचा विरोध असतो. सेवा म्हटली की पैसे कशाला, असे विचारले जाते. विचारणाऱ्याला रविवारची सकाळ मोकळी असते. गोवंडीचा किंवा भांडुपच्या डोंगरावरच्या चाळीतला मुलगा रविवारी घरपोच डिलिव्हरीची पाळी करतो, केटरिंगला जातो, नाहीतर बहिणीबरोबर घरकामाला हातभार लावतो. फुकटच्या सेवेत तो येत नाही, आणि मग अशा मोहिमांत ठरावीक वस्त्यांतली, ठरावीक घरांतलीच मुले दिसतात. गाळात उतरायची सवय, अंगात ताकद आणि पाण्याची जाण असलेली कोळीवाड्यातली मुले बाहेर राहतात. पाड्यावरचा तरुण ज्या जंगलात वाढला, तिथे त्याच्या वाट्याला फार तर कंत्राटी सफाईचे काम येते.

यासाठी आपल्याला बाहेर पाहायची फारशी गरज नाही, तरी एक दाखला बाहेरचा देतो. अमेरिकेत मंदीच्या काळात, १९३३ ते १९४२ या वर्षांत, सुमारे ३० लाख बेकार तरुणांनी सरकारी छावण्यांत राहून वनीकरणाचे, धूप रोखण्याचे आणि उद्याने उभारण्याचे काम केले. त्यांना महिन्याला ३० डॉलर मिळत आणि त्यांतले २५ घरी पाठवले जात. त्या योजनेत स्त्रियांना जागा नव्हती आणि काळ्या तरुणांच्या छावण्या वेगळ्या ठेवल्या जात, हेही विसरू नये. पण काम मागणाऱ्याला काम आणि त्या कामातून जमीन सुधारणे ही कल्पना आपल्याकडे विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांनी मांडली, १९७२ च्या दुष्काळात ती राज्यभर राबली आणि १९७७ साली रोजगार हमीचा कायदा झाला. खेड्यापाड्यांत पाझर तलाव आणि बंधारे त्यातून उभे राहिले. पुढे देशाने तेच सूत्र उचलले. मुंबईसारख्या शहराला मात्र ते कधी लागू झाले नाही. राजस्थानने २०२२ साली शहरी रोजगार हमी सुरू केली तेव्हा त्यात वृक्षारोपण, रोपवाटिका, जलसंधारण ही कामे धरली. ज्या राज्याने देशाला रोजगार हमी शिकवली, त्याच्या राजधानीने हे राजस्थानकडून शिकावे लागावे, याची गंमत वाटते आणि थोडी खंतही.

पैशाची सोय अगदीच नाही असेही नाही. राज्य सरकारने २०२४ साली मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली. तिच्यात बारावी उत्तीर्णाला ६,०००, आयटीआय किंवा पदविकाधारकाला ८,००० आणि पदवीधराला १०,००० रुपये दरमहा विद्यावेतन ठरले. या योजनेतून आलेल्या तरुणांना कार्यालयात फायली लावायला बसवता येत असेल, तर त्यांतल्या काहींना उद्यान खात्याच्या रोपवाटिकेत, विहार आणि तुळशी तलावांच्या परिसरात, भांडुप उदंचन केंद्रालगतच्या कांदळवनाच्या कडेने, वन विभागाच्या देखरेखीखाली काम का देता येऊ नये? जागा आपल्या आहेत, योजना सरकारची आहे आणि काम समोर पडले आहे.

आयुक्त महोदय, प्रत्येक विभाग कार्यालयाने आपल्या हद्दीतली एक जागा निवडून द्यावी, एवढीच माझी विनंती आहे. ती जागा टेकडीचा उतार असो, नदीचा तुकडा असो, किनारा असो किंवा जुन्या झाडांचा एखादा रस्ता. शेवटच्याची आठवण मुद्दाम देतो. दर पावसाळ्यात झाडे कोसळतात, माणसे मरतात, आणि त्यांतल्या कितीतरी झाडांच्या बुंध्याला थेट सिमेंट भिडलेले असते. ते सिमेंट फोडून बुंध्याभोवती माती मोकळी करणे, जाहिरातींसाठी ठोकलेले खिळे आणि दिव्यांच्या तारा काढणे, खोडाला पोकळी आहे का, बुरशी आहे का, याची नोंद करून उद्यान अधिकाऱ्याला देणे, हे काम प्रशिक्षित तरुण उत्तम करू शकतात, आणि यात मुलांना घरापासून लांब न्यावे लागत नाही. २०१८ मध्ये पुरी झालेल्या वृक्षगणनेत मुंबईत २९ लाखांहून अधिक झाडे मोजली गेली. मोजलेल्या झाडांकडे पुन्हा पाहायला माणसे हवीत.

एक पथ्य मात्र पाळावे. या तरुणांना नाले उपसायला किंवा रस्ते झाडायला लावू नये. ते सफाई कामगारांचे काम आहे, त्यांच्या हक्काचे आहे, आणि स्वस्तात मुले मिळतात म्हणून कामगारांची भरती थांबणार असेल तर मी या मागणीतून माझे नाव मागे घेईन. तसेच गमबूट, जाड हातमोजे, धनुर्वाताची लस आणि विमा यांशिवाय कोणालाही चिखलात उतरवू नये. मुंबईच्या पावसाळ्यात लेप्टो (साचलेल्या दूषित पाण्यातून होणारा लेप्टोस्पायरोसिस हा ताप) काय करतो हे महापालिकेच्या आरोग्य खात्याला मी सांगण्याची गरज नाही.

कुलगुरू महोदय, आपल्याकडे मागायचे ते नियमांतच आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार पदवीच्या अभ्यासक्रमात क्षेत्रीय प्रकल्प आणि समाजसेवेसाठी श्रेयांक आलेले आहेत, आणि सेवा योजनेत तर आधीपासूनच दोन वर्षांत २४० तासांचे काम व सात दिवसांचे विशेष शिबिर अपेक्षित आहे. तास आहेत, पण ते दहा ठिकाणी विखुरले जातात: एक दिवस रक्तदान, एक दिवस मॅरेथॉनला पाणी वाटप, एक दिवस किनारा, एक दिवस पथनाट्य. ज्या विद्यार्थ्याला हवे असेल त्याला हे सगळे तास एकाच जागेवर, एकाच कामात घालू द्यावेत आणि मूल्यमापनही त्या जागेचे करावे. त्याने ठेवलेली नोंदवही पाहावी: कोणते रोप कोणत्या महिन्यात मेले आणि का, नदीच्या पाण्याचा रंग कोणत्या वारी बदलतो, कोणता पक्षी कधी आला. मेलेल्या रोपांची कारणे ज्याने नीट लिहिली त्याला, सगळी रोपे जगली असे खोटे लिहिणाऱ्यापेक्षा अधिक गुण मिळावेत. आजच्या अहवालाच्या पद्धतीत नेमके उलटे होते.

सत्रांचाही थोडा विचार व्हावा. निसर्गातली कामे सहामाहीत बसत नाहीत. घाणेरीचे काम पावसाळ्यानंतर, गवताचे बी हिवाळ्यात गोळा करायचे आणि पावसाच्या तोंडावर टाकायचे, खाडीवरचे पाहुणे पक्षी नोव्हेंबर ते मे. राष्ट्रीय उद्यानातली कारवी तर आठ वर्षांनी एकदा फुलते. २०१६ साली फुलली, २०२४ साली फुलली, तिला परीक्षेचे वेळापत्रक पाठवून उपयोग नाही. म्हणून हा उपक्रम दोन सत्रे मिळून अखंड धरावा, आणि पहिल्या वर्षीचा विद्यार्थी दुसऱ्या वर्षी नव्या गटाला शिकवील अशी साखळी असावी. शिकवण्याचा खरा सराव त्याला तिथेच मिळेल, आणि जवळच्या महापालिका शाळेतली पाचवी-सहावीची मुले महिन्यातून एकदा त्याच जागेवर येऊ लागली तर परिसर अभ्यासाच्या पुस्तकाला बाहेरची हवाही लागेल.

हे सगळ्या महाविद्यालयांत एकदम सुरू करा, असे मी म्हणत नाही. तसे केले तर सहा महिन्यांत त्याचेही परिपत्रक आणि अहवाल होतील. तीन-चार महाविद्यालये, तीन-चार जागा आणि दोन वर्षांची मुदत एवढ्यावर सुरुवात व्हावी. पैकी एक जागा खाडीची, एक डोंगराची आणि एक भर वस्तीतल्या नदीची असावी, कारण तिन्हींच्या अडचणी वेगळ्या आहेत. माझ्यासारखे निवृत्त शिक्षक आणि काही जुने माळी विनामानधन आराखडा करून द्यायला तयार आहेत; मानधन आम्ही जाणत्या आदिवासी आणि कोळी मार्गदर्शकांसाठी मागतो आहोत, आमच्यासाठी नाही.

नव्या शैक्षणिक वर्षाचे श्रेयांकांचे पर्याय विद्यार्थ्यांपुढे जूनमध्येच ठेवले जातात, आणि एकदा ती यादी निघाली की पुढचे वर्ष हातचे जाते. म्हणून विद्यापीठाचा सेवा योजना विभाग, महापालिकेचे उद्यान खाते व शिक्षण विभाग आणि वन विभागाचा कांदळवन कक्ष यांची एक संयुक्त बैठक आपण मे महिन्यात बोलवावी, तीत जागा आणि महाविद्यालये ठरवावीत, आणि विद्यावेतनाचा प्रस्ताव राज्याच्या कौशल्य विकास विभागाकडे त्याच बैठकीच्या इतिवृत्तासह पाठवावा, ही विनंती. ५ जूनचा कार्यक्रम करायचाच असेल तर तो जरूर करावा. फक्त त्या दिवशी रोपे लावण्याऐवजी कोणत्या गटाला कोणती जागा मिळाली ते जाहीर करावे, आणि रोपे पाऊस स्थिरावल्यावर, पिशवी फाडून लावावीत.

कळावे,

आपला,
जीवशास्त्राचा एक निवृत्त शिक्षक
मुलुंड, मुंबई